मधला आवाज

परवा गरियाहाटच्या मिठाईच्या दुकानात नोलेन गुडाचे संदेश दिसले आणि हिवाळा आला हे कळलं. खजुराच्या रसाचा हा नवा गूळ दुकानात आला, की कोलकात्याची माणसं एकमेकांना लग्नाची बातमी सांगावी तशी ती सांगतात. मग पारा बावीसवर उतरतो आणि माकडटोप्या बाहेर निघतात. महाराष्ट्रातून नवीन बदलून आलेली माणसं त्या टोप्यांना पहिल्या वर्षी हसतात, दुसऱ्या वर्षी गप्प बसतात आणि तिसऱ्या वर्षी एस्प्लनेडच्या फुटपाथवर जाऊन स्वतःसाठी घेऊन येतात. मी पस्तीस वर्षांपूर्वी आले. माझ्याकडे आता तीन आहेत.

संदेशाचा पुडा घेऊन घरी आले तर फोनवर आमच्या वृंदगानाच्या गटाचा निरोप होता. रविवारी सकाळी दहा वाजता तालीम. नलूताईंचं गाणं पहिल्याच दिवशी काढू. मधल्या आवाजाला सुनंदाकाकू आहेतच.

सुनंदाकाकू म्हणजे मी. पुडा फ्रिजवर ठेवला आणि जेवणाच्या टेबलापाशी बसून राहिले. ह्यांनी दोनदा विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बरी आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस तिसऱ्यांदा विचारत नाही, हे एक बरं असतं.

चार वर्षं झाली. एका बाईचं गाणं तिच्या डोळ्यांदेखत, जसं होतं तसं, एकदा उभं राहावं, एवढीच गोष्ट होती. ती माझ्या हातात होती. मी ती घालवली, आणि घालवली हे कुणाला कळूही दिलं नाही. सगळ्यांच्या लेखी तो हिवाळा आमच्या मंडळाचा सोन्याचा हिवाळा आहे. अजून त्याचे फोटो फिरतात. त्यात मी मधल्या ओळीत, जांभळ्या काठाच्या साडीत, तोंड उघडून उभी आहे.

इथली मराठी वस्ती म्हणजे बँकांचे, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांचे आणि आता संगणक कंपन्यांचे लोक. तीन वर्षांनी बदली, चौथ्या वर्षी निरोप समारंभ. कुणाशी जीव लावावा तर त्याच्या घरी खोकी बांधायला सुरुवात झालेली असते. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा हावडा स्टेशनवरच मला रडू आलं होतं, कारण हमालाला मी हिंदीत काहीतरी सांगत होते आणि तो बंगालीत मलाच समजावत होता. त्या पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी मला नलूताईंकडे नेलं. बालीगंजला, तिसऱ्या मजल्यावर. त्या तिथल्या एका मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या आणि रविवारी मराठी बायकांना गोळा करून स्वतःची गाणी बसवायच्या.

स्वतःची गाणी म्हणजे शब्द त्यांचे, चाल त्यांची आणि एकेका गाण्याला तीन तीन आवाज. शाळेत शेजारच्या चर्चमधून येणारं वृंदगान त्यांनी वर्षानुवर्षं कान देऊन ऐकलं होतं आणि तीन आवाज एकमेकांत कसे सोडायचे ते त्यावरून स्वतःच शोधलं होतं. गुरू नाही, पुस्तक नाही. आम्हांला ते काय आहे ते कळायचं नाही. आम्हांला वाटायचं, रविवारची करमणूक आहे, पोहे चांगले मिळतात.

त्यांची शिकवायची रीत मोठी विलक्षण होती. वरचा आवाज दिवाणखान्यात, खालचा मागच्या गॅलरीत आणि मधला स्वयंपाकघरात. दारं बंद. एका आवाजानं दुसऱ्याचं ऐकायचं नाही, ओझरतंसुद्धा. त्या ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत शिकवायच्या. महिना दीड महिना असा गेला, की एका रविवारी सगळी दारं उघडायची, सगळ्यांना दिवाणखान्यात उभं करायचं, आणि मग ते तीन आवाज पहिल्यांदा एकमेकांना भेटायचे. तेव्हा अंगावर काटा यायचा. आपण महिनाभर जे म्हणत होतो ते कशासाठी होतं, ते त्या क्षणी कळायचं. एकदा एक बाई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तिची बदली लखनौला झाली होती.

आणि दुसरा नियम असा, की मधला आणि खालचा आवाज लिहायचा नाही. वहीत फक्त शब्द आणि वरच्या आवाजाचे स्वर. "लिहिलं की माणूस कागदाकडे बघतं, शेजारच्या बाईकडे बघत नाही," असं त्या म्हणायच्या. तेव्हा पटलं होतं. ज्या वस्तीत दर तीन वर्षांनी शेजारची बाई बदलते तिथे हा नियम म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही. एक कॅसेट होती म्हणे. पुढे तिच्यावर कुणाच्या तरी मुंजीतली मंगलाष्टकं भरली गेली.

मी मधल्या आवाजात होते. स्वयंपाकघरात चार बायका ओट्याला टेकून उभ्या, नलूताई कढईत मोहरी टाकतायत आणि पाठमोऱ्या गातायत. मोहरी तडतडायची थांबेपर्यंत आम्ही थांबायचं, मग ओळ उचलायची. ते गाणं नदीवरच्या धुक्याचं होतं. वरचा आवाज ह्या काठावरून हाक मारतो, खालचा आवाज म्हणजे पाणी, आणि मधला आवाज पलीकडच्या काठावरच्या माणसाचा. त्याला शब्द फार थोडे. "आहे मी, आहे मी," एवढंच, वेगवेगळ्या जागी. कुठे म्हणायचं, कुठल्या स्वरावर म्हणायचं, सगळी गंमत त्यात होती. ते वरच्या चालीशी जुळतंय असं वाटेपर्यंत सुटायचं. इतकं आठवतं. पण गाणं आठवणं म्हणजे गाण्याबद्दल आठवणं नव्हे, आणि त्यातला फरक फार उशिरा कळतो.

पुढे नलूताईंचे गुडघे गेले, बायका बदलून गेल्या, रविवार बंद पडले. ह्यांनी बँक सोडून इथल्याच एका कंपनीत नोकरी धरली आणि आमच्या बदल्या संपल्या. मी मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांची व्यवस्था बघायला लागले. एक वर्ष, दोन वर्षं, मग मीच कायमची. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात आमचं वृंदगान व्हायचं. वृंदगान कसलं, वीस माणसांनी एकाच सुरात म्हटलेली पाच ओळखीची गाणी. लोकांना ओळखीचं हवं असतं, असं मी समितीत दरवर्षी सांगायचे. नलूताई दुसऱ्या रांगेत बसायच्या, तांतची सुती साडी, मांडीवर पर्स. कार्यक्रम झाला की मी जाऊन वाकून नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "पुढच्या वर्षी तुमचं घेऊ हं नलूताई." त्या म्हणायच्या, "बघ, जमलं तर." वीस-बावीस वर्षं मी हे वाक्य म्हटलं असेन. खोटं नव्हतं ते. नुसतं सोयीचं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात आम्हांला शिकवायला शर्मिष्ठादी आल्या. बंगाली बाई, पन्नाशीच्या, शाळांची आणि चर्चची वृंदगानं बसवून तयार झालेल्या. आवाज लहान आणि धाक मोठा. पहिल्याच दिवशी त्यांनी आमची पाच गाणी ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, "ये तो आप लोग सोते हुए भी गा लेंगे. जगाने वाला क्या है इसमें?"

त्यांचा हिशेब साधा होता. निम्मा कार्यक्रम थोरामोठ्यांचा. त्यात एक परदेशी उस्तादांची लॅटिन रचनासुद्धा होती. ती देवनागरीत लिहून घेऊन खालच्या आवाजातले कुलकर्णी अशी म्हणायचे, की बोहल्यावर अक्षता पडतायत असं वाटावं. उरलेला निम्मा कार्यक्रम ज्यांना कुणी कधी गायलंच नाही त्यांचा. डोंगरातल्या एका शाळेत चाळीस वर्षं मुलींसाठी गाणी रचणारी एक ख्रिस्ती जोगीण, दिवसा कचेरीत खर्डेघाशी करून रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक कारकून. शर्मिष्ठादींनी त्यांचे पिवळे कागद कुठून कुठून मिळवले होते. "बड़े लोगों को तो गाएँगे ही. लेकिन ये जो छूट गए, इनको हम नहीं गाएँगे तो कौन गाएगा?" आणि मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "आपके यहाँ कोई नहीं था क्या?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीच म्हटलं, "आहेत. नलूताई." म्हणताना मला फार बरं वाटलं. बावीस वर्षं जिला दुसऱ्या रांगेत बसवून ठेवलं तिचं नाव आपण पुढे केलं म्हणून आपलं मन किती मोठं, असं काहीतरी. माणसाचा नीचपणा चांगुलपणाच्या कपड्यात आला की त्याला स्वतःलासुद्धा ओळखू येत नाही.

त्याच आठवड्यात आम्ही बालीगंजला गेलो. नलूताई त्र्याऐंशीच्या झाल्या होत्या. डोक्याला एक-दोन छोटे झटके येऊन गेले होते. वार विसरायच्या, सुनेला कधी कधी "अहो बाई" म्हणायच्या. आवाज खरखरीत होऊन विरून गेला होता. त्यांचा मुलगा श्रीधर आधीच म्हणाला, "वहिनी, तिला फार प्रश्न विचारू नका, गोंधळते." पण शर्मिष्ठादींनी वही उघडून वरची चाल हळूच म्हटली आणि नलूताईंचा चेहरा एकदम सरळ झाला. गळपट्टी नीट केल्यासारखा. मी मधला आवाज विचारला. त्यांनी सुरुवात केली, दोन स्वरांत वरच्या चालीत शिरल्या, थांबल्या, पुन्हा सुरुवात केली. मग हसून म्हणाल्या, "तीन आवाज एका गळ्यातून कसे काढू गं? तुम्ही म्हणा. मला समोर ऐकू आलं की कुठं चुकतं ते सांगते. बाकी सगळं गेलं, सुनंदा. गाणी तेवढी आहेत अजून."

जिन्यावरून उतरताना शर्मिष्ठादींनी माझा हात धरला. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "जल्दी करना होगा," एवढंच म्हणाल्या.

आता खालचा आवाज शोधायचा होता. त्यातल्या सबनीसबाई वडोदऱ्याला आहेत असं कळलं. पंचाहत्तरीच्या, तीस वर्षांत गाण्याच्या वाटेला न गेलेल्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "अगं, आता कुठलं गाणं? मी भजनाला पण जात नाही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोनवर अख्खा खालचा आवाज म्हणून पाठवला. एका दमात. मागे कुकरची शिटी होत होती आणि बाई एकही स्वर न हलवता पाण्यासारख्या वाहत होत्या. तालमीत तो निरोप लावला तेव्हा टाळ्या पडल्या. वरचा आवाज वहीत होता. खालचा वडोदऱ्याहून आला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आर मोद्धेर-टा?" शर्मिष्ठादी घाईत बंगालीत बोलल्या. आणि मधला?

"पाठ आहे मला," मी म्हटलं.

तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले, शब्द समोर ठेवले आणि तोंड उघडलं. "आहे मी" म्हटलं तर वरची चाल आली. पुन्हा म्हटलं, पुन्हा वरची चाल. ट्राममध्ये, आंघोळीत, भाजी निवडताना, कुठूनही सुरुवात केली तरी गळा चार पावलांत वरच्या चालीच्या दाराशी जाऊन उभा. सबनीसबाईंनी तीस वर्षं गाणंच सोडलं होतं म्हणून त्यांचा आवाज जिथे ठेवला तिथे तसाच राहिला. मी सोडलं नाही. मी दरवर्षी गायले, वीस माणसांच्या घोळक्यात, एकाच सुरात, सगळ्यांची री ओढत. त्या बावीस हिवाळ्यांनी माझ्या गळ्यातला तो वेगळा चालणारा आवाज हळूहळू पुसून टाकला होता. गात राहिले म्हणून मी विसरले. पुढचं पाठ मागचं सपाट म्हणतात, तसं. सगळ्या बायका शहर सोडून गेल्या, मी एकटी इथे राहिले, आणि माझ्याजवळच ते नव्हतं.

मधल्या आवाजातल्या इतर तिघींपैकी दोघी वारल्या होत्या, तिसरीचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. हे सगळं मी गुपचूप शोधलं. गुपचूप का, ह्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. सगळ्यांसमोर "पाठ आहे" म्हटलं होतं. तीस-पस्तीस वर्षं मंडळात असलेली, नलूताईंची शिष्या म्हणून मिरवणारी बाई रविवारी उठून "मला येत नाही" म्हणणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंडात एवढंच यायला हवं होतं, "आठवत नाही हो, आपण सगळे मिळून शोधू या." आठ शब्द आहेत. आता मोजते.

मग मी तो रचला. पाच-सहा दिवस सकाळी, हे फिरायला गेले की. वरच्या चालीच्या दोन स्वर खालून, तिचं बोट धरून चालणारा, कुठेही न अडखळणारा. जिथे शंका तिथे सुरक्षित स्वर. तो बसला. बसणारच होता, त्यात बसण्याखेरीज दुसरं काही नव्हतं. तालमीत म्हटला तेव्हा सगळे म्हणाले, वा. फक्त शर्मिष्ठादी पेन्सिल ओठाला लावून थांबल्या. "बाकी दो आवाज़ इतना मुश्किल, और बीच वाला इतना सीधा?"

"नलूताईंना मधला आवाज साधाच आवडायचा," मी म्हटलं.

स्वतः रचलेलं त्यांचं म्हणून गायले, ते पहिलं खोटं वेळ मारून नेण्यासाठी होतं. हे दुसरं तसं नव्हतं. ह्या दुसऱ्या खोट्यानं मी त्या बाईला माझ्याएवढी लहान केली.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी श्रीधरनं नलूताईंना तालमीला आणलं. आमची तालीम व्हायची त्या शाळेच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल, खिडक्यांतून येणारं ते फिकं, कोवळं ऊन, ते ह्या शहराला वर्षातून सहा आठवडेच मिळतं. कुणीतरी संत्री सोलत होतं. दोघांनी खुर्चीसकट उचलून त्यांना वर आणलं. शाल, मोजे, डोक्याला मफलर. शर्मिष्ठादी त्यांच्या पाया पडल्या. नलूताईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही शाळेतल्या का?"

आम्ही गायलो. वरचा आवाज सुरू झाला आणि त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालायला लागली. खालचा आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग आम्ही चार बायकांनी "आहे मी" म्हटलं आणि बोटं थांबली. मी बघत होते. मी दुसरं काहीच बघत नव्हते. ती बोटं हवेत तशीच राहिली. दुसऱ्यांदा "आहे मी" आलं, त्यांनी डोळे उघडले आणि नेमकं आमच्या बाजूला पाहिलं.

गाणं संपलं. टाळ्या, फोटो. श्रीधर वाकून म्हणाला, "आई, कसं झालं?"

"छान म्हटलं. कुणाचं आहे?"

"तुझंच की!"

"माझं नाही," त्या म्हणाल्या. स्पष्ट, शाळेतल्या आवाजात. "माझं असं नाही. तिथे ते खाली जातं. असं बोट धरून नाही जात. खाली..." आणि त्यांचा हात हवेत काहीतरी शोधायला लागला. एक स्वर शोधत होता तो हात. मला ठाऊक आहे, कारण त्या क्षणी माझ्याही पोटात कुठेतरी तो हलला. अजून थोडा वेळ मिळता, मी पुढे होऊन गुडघ्यावर बसते आणि म्हणते, "खाली कुठे, नलूताई? दाखवा," तर कदाचित सापडला असता. त्यांच्याकडचा अर्धा आणि माझ्याकडचा अर्धा.

"आई, अगं सुनंदावहिनींना पाठ आहे ते," श्रीधर मायेनं म्हणाला. "तू विसरली असशील."

सगळे समजूतदारपणे हसले. वृद्ध माणसांसमोर आपण हसतो तसे. नलूताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले. हेही मी केलं.

जानेवारीत कार्यक्रम फार गाजला. निवेदिकेनं उपेक्षित संगीतकारांवर चांगलं भाषण केलं, आपल्याच घरात हिरा होता आणि आपल्याला माहीत नव्हता वगैरे. लोक उभे राहिले. नलूताई फेब्रुवारीत गेल्या. तेव्हापासून ते गाणं आमच्या दरवर्षीच्या कार्यक्रमात आहे. शर्मिष्ठादींनी तिन्ही आवाज स्वरलिपीत नीट उतरवले. दुसऱ्या दोन शहरांतल्या मराठी मंडळींनी ते कागद मागून नेले. वर नलूताईंचं नाव आहे आणि खाली बारीक अक्षरात "मधला आवाज: सुनंदाताईंच्या स्मरणातून" असं लिहिलंय. विसरले गेलेल्यांना परत आणायचं म्हणून एवढा खटाटोप केला आणि जे परत आलं त्याच्या मधोमध मी आहे. कुणी गायलं नसतं तर निदान ती वही तरी रिकाम्या जागेसकट खरी राहिली असती. पुढेमागे कुणी हुशार मुलगी ती रिकामी जागा बघून म्हणाली असती, इथे काहीतरी होतं. आता तिथे काहीतरी आहे. आता कुणी शोधणार नाही.

सांगून टाकावं असं दरवर्षी नोलेन गुडाच्या दिवसांत वाटतं. पण सांगून काय? खरा स्वर कुणाकडेच नाही. खोटा काढला तर गाणं पडेल, ठेवला तर हे असं. सबनीसबाईसुद्धा मागच्या वर्षी गेल्या. देवापुढे बसले तरी हात जोडून काय मागायचं ते सुचत नाही. जिची माफी मागायची ती व्यक्तीच मला खरं मानून गेली.

त्या तालमीनंतर आठ दिवसांनी श्रीधरचा फोन आला होता. म्हणाला, "वहिनी, एकदा येऊन जा. आई काहीतरीच बोलते आजकाल. म्हणते, मी गाणी केलीच नाहीत कधी, मला उगीच तसं वाटायचं." मी गेले. दुपारची वेळ होती, गॅलरीत ऊन होतं, खालून बालीगंज स्टेशनाकडे जाणाऱ्या रिक्षांचे भोंगे येत होते. नलूताई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं. हात हातात घेतला. मी मनात वाक्य तयार करून गेले होते, जिन्यात तीनदा म्हणून पाहिलं होतं.

"बरं झालं आलीस," त्याच आधी म्हणाल्या. "मी फार विचार केला गं. तुम्ही एवढे सगळे जण म्हणताय, तर माझंच चुकत असणार. माझं डोकं आता असंच झालंय. तुला पाठ आहे ना?"

मी त्यांच्या अंगावरची शाल सारखी केली.

"मग मला शिकव. आपलंच गाणं आपल्याला येऊ नये म्हणजे लाज वाटते."

श्रीधर दारात उभा होता. त्यानं डोळ्यांनीच मला 'शिकवा' म्हटलं. मी शिकवलं. एक ओळ मी म्हणायची, मग त्यांनी. दोनदा त्यांचा गळा खाली जायला लागला. दोन्ही वेळा त्या स्वतःच थांबल्या, "नाही, नाही, चुकले," असं म्हणाल्या आणि माझ्या चालीवर परत आल्या. चौथ्या खेपेला त्या खरखरीत आवाजात त्यांनी सबंध मधला आवाज म्हटला. एकही चूक नव्हती. पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आता बरोबर?"

मी "हो" म्हटलं.